गाडी मागून आपटते

गाडी शिकवणाऱ्या बाईला गाडी जोडणारा नवरा मिळाला की लोक म्हणतात, काय जोडी जमलीय! म्हणू देत. मी दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून "क्लच हळू सोडा, हळू म्हणजे हळू" असं ओरडते. घरी येते तर मागच्या शेडमध्ये ह्यांचे फक्त पाय दिसतात. बाकीचे हे गाडीखाली. चहा हवा का विचारलं की पायाचा अंगठा हलतो, आणि मी त्या अंगठ्याशी बोलून परत स्वयंपाकघरात येते.

ही गाडी आयती आणलेली नाही. ती खोक्यांतून आली. लोखंडी पाइपांची चौकट, फायबरची बॉडी, पोतंभर नट-बोल्ट आणि एक जाडजूड पुस्तिका. सगळं घरीच जोडायचं. दोन माणसं बसतील एवढीच, अगदी बसकी, मागे जेमतेम एका बॅगेची जागा. हे टर्नर, लेथवर उभं राहून ह्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे हातात कसब होतंच. पण गाडी ह्यांनी एकट्यानं जोडली नाही. आमची लेक तेव्हा कॉलेजात होती. सुरुवातीला ती नुसता बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची. मग पाने द्यायला लागली, मग "बाबा, उलटं बसवताय" म्हणायला लागली, आणि शेवटी शेवटी ती गाडीखाली आणि हे बॅटरी धरून बाहेर, अशी पाळी आली. दोघांची बडबड माझ्या खिडकीतून दिवसभर आत यायची. मला पुस्तिका न वाचता निम्मी गाडी पाठ झाली ती अशी.

मग लेकीचं लग्न झालं. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत एका दुपारी ती एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "मी परत जाणार नाही." ह्यांनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाले, "चार दिवस गेले की राग निवळतो. चल, आपल्या गाडीतून मीच तुला सोडून येतो." सोडून येतो! मी आतून ओरडत बाहेर आले, पण तोवर लेक उठली होती. तिनं बॅग उचलली आणि बसस्टँड गाठला. नवऱ्याकडे ती गेलीच नाही. लांबच्या एका शहरात कारखान्यात काम धरलं, खोली घेतली. नवरा तिच्यावर हात उचलायचा, हे आम्हाला पुढे तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्या दिवसापासून बाप आणि लेक एकमेकांशी बोललेले नाहीत. फोनवर ती मला विचारते, "बाबा कसे आहेत?" मी फोन ठेवला की हे विचारतात, "काय म्हणत होती?" मधल्या मधे मी. मी दोनदा बसनं जाऊन तिला भेटून आले. दोन्ही वेळा मी खाली उतरल्यावर ती माझ्या मागे बसच्या दाराकडे बघत राहिली. आणखी कुणी उतरतंय का, ते बघत होती. मला काय ते कळत नव्हतं?

थंडीत तिचा फोन आला. तिला परदेशात काम मिळालं होतं. उन्हाळा लागला की निघणार, आणि तीन वर्षं तरी येणं नाही. "जायच्या आधी या. दोघं या," ती म्हणाली. "आणि बसनं नको, आपल्या गाडीतून या. मला ती एकदा बघायचीय."

मी ह्यांना सांगितलं. हे हो म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला वाटलं, सुटलो एकदाचे. पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. पूल ओलांडला, पहिला मोठा खड्डा आला, आणि गाडी मागून अशी आपटली की माझे दात एकमेकांवर वाजले. ह्यांनी गाडी कडेला घेतली, खाली वाकून पाहिलं, आणि वळवून सरळ घरी आणली. "दोन माणसं आणि बॅग घेऊन हिचे मागचे स्ट्रट तग धरणार नाहीत," म्हणाले. "अशी आपटत नाही न्यायची तिच्या दारात."

स्ट्रट म्हणजे मागच्या चाकांचा तो खांब, ज्याच्यावर स्प्रिंग बसते. आमच्या गाडीत त्या स्प्रिंगची बैठक एकाच जागी पक्की वेल्ड केलेली होती. ओझं वाढलं की गाडी खाली बसायची, आणि खड्ड्यात रबरावर जाऊन आदळायची. ह्यांनी ठरवलं की ते सगळं काढून कॉइलओव्हर बसवायचे. म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या अंगावरच आटे पाडलेले, आणि स्प्रिंगखाली फिरणारी एक रिंग. रिंग वर फिरवली की गाडी उंच, खाली फिरवली की बसकी. बुडाशी एक बटण, ते टिक टिक करत फिरवलं की गाडी कडक किंवा नरम होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती जोडी ठेवून ह्यांनी मला सगळं समजावलं. चीज सुंदर होती, खोटं कशाला बोलू.

पण वरखाली होणारी वस्तू ह्यांच्या हाती द्यायची म्हणजे! हा माणूस भिंतीवरचं घड्याळ सरळ करायला स्टुलावर चढतो आणि जेवण निवून गेलं तरी उतरत नाही.

सुरुवात झोकात झाली. जुने स्ट्रट निघाले. वरच्या टोकाला नवीन पट्ट्या हव्या होत्या, त्या ह्यांनी लेथवर आणि कानशीनं घडवल्या आणि शेजारच्या वेल्डरकडून जोडून घेतल्या. वेल्डर आमचा जुना शेजारी, बोलायला तिखट. त्यानं टाके मारले, तोंडावरची काच वर केली आणि म्हणाला, "वहिनी, आता ह्या गाडीत घाटातसुद्धा डुलकी लागेल. बॅग भरा." मी खरंच बॅग भरली.

मग आली पोती. गाडी ज्या ओझ्यानं चालणार ते ओझं आत ठेवूनच तिची उंची लावायची असते, नाहीतर रिकामी गाडी दिसते छान आणि माणसं बसली की वाकडी. पण माणसं किती वेळ नुसती बसून राहणार? म्हणून ह्यांनी माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरली. एक ह्यांचं, एक माझं. वजनकाट्यावर माझं पोतं चढवताना हे फावडंभर वाळू अजून घालायला लागले.

"अहो, एवढी नाहीये मी!"

"गाडीला खरं सांगावं लागतं," हे म्हणाले. "तिला फसवता येत नाही."

"मग तुमच्या पोत्यात पोट धरलंय का?"

ह्यांनी मुकाट्यानं आपल्या पोत्यात दोन फावडी वाढवली. पोती सीटवर बसली, पट्टे लागले, मागे माझी भरलेली बॅग गेली. हे मोजपट्टी घेऊन चाकापासून बॉडीपर्यंतचं अंतर मोजायला लागले. खिडकीतून बघताना मला हसू आलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी, गप्प, पट्टे बांधून निघालेलो.

आणि तिथंच राहिलो. कारण त्यानंतर गाडी काही संपेना. डावीकडून जरा बसतेय, म्हणून रिंग वर. आता उजवीकडून उठतेय, म्हणून खाली. गल्लीतून एक चक्कर, परत येताना तोंड कडू. "कडक वाटतेय." टिक टिक. दुसरी चक्कर. "आता झोके खातेय." टिक टिक टिक. एकदा स्प्रिंगच बदलून आणल्या. एकदा पोत्यातली वाळू ओली झाली म्हणून वजन चुकलं, म्हणून पोती वाळत घातली. मी बॅगेतून लागतील तसे कपडे काढून वापरायला लागले, धुऊन परत भरायला लागले.

माझं कशात लक्ष लागेना. शिकायला येणाऱ्यांवर मी उगाच डाफरायला लागले. एक बाई बिचारी चढावर हाफ क्लचवर गाडी धरून बसायची, पुढेही जायची नाही आणि मागेही यायची नाही, नुसता क्लच जाळायची. तिच्यावर मी इतकी ओरडले की ती रडली. घरी येऊन भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं, की मी तिच्यावर ओरडतच नव्हते.

लेकीचे फोन येत होते. "निघताय कधी?"

"मागचं काम चाललंय गं."

"अजून?"

"ते वरखाली करायचं असतं ना..."

मग म्हणाली, "आई, कॉइलओव्हर लावायला एवढा वेळ नाही लागत." तिचं तिकीट आलं होतं. शेडमध्ये टिक टिक चालू होती, आणि ती तिला फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली.

त्या रविवारी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. गाडी स्टँडवर उचललेली, मागची चाकं हवेत लोंबकळत होती, आणि हे खालचे बोल्ट आवळत होते. मी कप हातात धरून उभीच राहिले. आता हे मलासुद्धा माहीत आहे. त्या बोल्टभोवती रबराचे बुश असतात. गाडी चारी चाकांवर जमिनीवर उभी असताना, तिचं ओझं खाली आल्यावरच ते आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली उतरवताना रबर पिळलं जातं, पिळलेलंच राहतं, मग सगळी मापं खोटी. ही गोष्ट ह्यांनी लेकीला इतक्या वेळा बजावली होती की मी भांडी घासता घासता ती ऐकून पाठ केली होती. एकदा तिनं तसं केलं तर ह्यांनी पाना फेकला होता.

"अहो, चाकं हवेत आहेत," मी म्हटलं.

हे थांबले. वर पाहिलं. "अरे, हो की!" म्हणाले. "म्हणजे सगळंच परत खोलावं लागणार. मापं पण परत."

आणि ह्यांचा चेहरा खुलला.

चूक झाल्याचा राग नाही, पान्याची आदळआपट नाही. सुटी लागल्यासारखा हा माणूस खुशीत बोल्ट सैल करायला लागला. इतके दिवस मी समजत होते की ह्यांना काम नीट हवंय म्हणून उशीर होतोय. गाडीचं काहीच नव्हतं. ह्यांना ती व्हायलाच नको होती.

"तुम्हाला जायचंच नाहीये," मी म्हटलं.

"जायचंय ना. पण ही अशी..."

"हिचं नाव काढू नका. लेकीच्या समोर उभं राहायचं नाहीये तुम्हाला. ती निघून जाईपर्यंत तुम्ही रिंग फिरवत बसणार, आणि मग तीन वर्षं म्हणत राहणार, गाडी झाली नव्हती."

हे बोल्टकडे बघत राहिले. पाना हातात तसाच. मला वाटलं होतं चिडतील, भांडतील, निदान खोटं बोलतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मी उद्या सकाळी निघते," मी म्हटलं. "एकटी. हीच गाडी घेऊन."

पाना खाली ठेवत हे म्हणाले, "एकटी जाणार असशील तर ही उंची चालणार नाही. ही दोघांसाठी लावलीय."

"मग बदला," म्हटलं, आणि चहा तिथंच ठेवून आत आले.

सकाळी मी आवरलं. शेडमधून आवाज येत होते, पण आज वेगळे, सलग, मधे कुठं विचार करायला न थांबणारे. मी खिडकीशी चहा घेऊन उभी राहिले. ह्यांनी स्वतःचं पोतं सीटवरून उचललं आणि भिंतीला टेकवलं. माझं चालकाच्या सीटवर ठेवलं. बॅग मागे. आकडीचा पाना घेऊन डावी रिंग, उजवी रिंग. बटणं. गाडी जमिनीवर उतरवली, दोनदा दाबून हलवून बसवली, मग खाली शिरून बोल्ट आवळले. जसं करायचं असतं तसं, एक पायरी न चुकता. मोजपट्टी एकदाच लावली. माझा चहा संपत होता तेव्हा हे फडक्याला हात पुसत उभे होते.

"घे," किल्ली देत म्हणाले. "तुझ्या वजनाला लावलीय. सावकाश जा."

"तिला काय सांगू?"

ह्यांनी फडक्याची घडी घातली. "सांग की... बरं चाललंय."

मी गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथं ही गाडी नेहमी कण्हायची. मी दात आवळून ब्रेकवर पाय ठेवला. मागची चाकं चढली, उतरली, आणि काहीच झालं नाही. आवाज नाही, धक्का नाही. पुढच्या खड्ड्यातही नाही. इतकी छान गाडी मी जन्मात चालवली नव्हती. पेट्रोल पंपापर्यंत मी तशीच गेले, आणि पंपाजवळ एकदम माझ्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला.

एका चहात! अख्खी थंडी खाल्लेलं काम ह्या माणसानं एका चहात केलं होतं. मला एकटीला सुखरूप पाठवायचं म्हटल्यावर ह्यांच्या हाताला कसली शंका उरली नव्हती. रडू आलं आणि रडण्यापेक्षा मोठा राग आला. मी मुख्य रस्त्यावर, दुभाजकाच्या फटीतून, गाडी वळवली. हे वळण कुणी विद्यार्थ्यानं घेतलं असतं तर मी त्याला आयुष्यात पास होऊ दिलं नसतं.

हे शेडच्या दारात जिथं सोडले होते तिथंच उभे होते. फडकं हातात. मला बघून घाबरले. "काय झालं? आवाज आला का?"

"बसा."

"अगं, तुझ्या एकटीच्या वजनाला लावलीय. मी बसलो की मागची बाजू खाली जाईल. प्रत्येक खड्ड्यात आपटेल."

"आपटू दे."

"थांब, पाना आणतो, रिंग वर घेतो, दहा मिनिटांत..."

"पाना नाही. काही नाही. आहात तसे बसा."

"असा? ह्या कपड्यांत?"

"ह्याच कपड्यांत तिनं तुम्हाला लहानपणापासून पाहिलंय."

वेल्डर त्याच्या दारातून सगळं ऐकत होता. तो काहीतरी बोलायला तोंड उघडणार होता, मी नुसतं पाहिलं, त्यानं काच खाली ओढली. हे दोन पावलं पुढे आले, शेडकडे वळून पाहिलं, परत पुढे आले. मग वाकून, गुडघे पोटाशी घेत, शेजारच्या सीटवर बसले. गाडी मागून खाली गेलेली मला पाठीत जाणवली. ह्यांनाही जाणवली, कारण ह्यांचा हात आपोआप दाराकडे गेला. मी गाडी काढली.

गतिरोधकावर ती आपटली. ह्यांनी डोळे मिटले. पुढच्या खड्ड्यात परत आपटली. पुलापाशी आपटली तेव्हा ह्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, जणू खाली ह्यांचं स्वतःचं हाड होतं. रिकाम्या हातांचं काय करावं हे ह्यांना समजेना. गुडघ्यावर ठेवले, पट्टा ओढला, काचेवरचा डाग नखानं खरवडला. "जरा डावीकडून घे," म्हणाले. मी म्हटलं, "गाडी मी शिकवते."

शहर मागे पडलं. दोन्हीकडे मोकळी शेतं आली, ऊन चढलं, रस्ता तसाच उखडलेला. किती तरी वेळानं हे समोर बघत म्हणाले, "मी तिला विचारलंच नाही गं. का आलीस, एवढंसुद्धा विचारलं नाही. पाणी दिलं आणि परत जा म्हणालो."

माझ्याकडे ह्या विषयावर दोन वर्षांची भांडणं तयार होती. त्यातलं एकही मला आठवलं नाही. मी फक्त वेग थोडा कमी केला.

"तिला काय म्हणू?" ह्यांनी विचारलं.

"माझं चुकलं म्हणा."

"एवढंच?"

"एवढंच म्हणायला तुम्ही सगळी थंडी गाडीखाली पडून होता."

गाडी परत आपटली. ह्या वेळी ह्यांनी डोळे मिटले नाहीत. सीटवर सरळ झाले, घसा खाकरला, समोरच्या काचेकडे बघत ओठ हलवले. शब्द फुटले नाहीत, नुसता श्वास बाहेर आला.

"परत म्हणा," मी म्हटलं, आणि गिअर बदलला.